दोनशेसातच्या कडेच्या लाइटी

परवा पहाटे सोलापुरात हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांदा उतरवायला थांबलो होतो. शेजारच्या पिकअपमधला पोरगा खाली उतरला, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दादा, ह्या कडेच्या लाइटी कंपनीच्या हायत का बसवून घेतल्या?" बसवल्या म्हटलं. मग कुठे, कितीला, कोणी केल्या असं त्यानं सुरू केलं आणि तेवढ्यात माझी गाडी आत घ्यायची वेळ झाली. उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं ते काम नव्हतंच. रविवार-रविवार करून दोन महिने लागले मला. म्हणून नीट लिहितो, त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडेल.

गाडी टाटा 207 डीआय, 2009 ची, एमएच-13 पासिंग. अण्णांनी आणि मी मिळून 2014 मध्ये ती जुनी घेतली. आधीच्या मालकाकडे तिनं कांदाच वाहिला असणार, कारण मागच्या, माल ठेवायच्या हौद्याच्या फटींतून अजून कधीकधी वाळकी साल निघते. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी ट्रान्सपोर्टला पोचवायच्या, मधून तुळजापूर-लातूरची खेप, आणि सीझनला कांदा. इंजिन ठणठणीत आहे. पत्रा दोनदा केला. लाइटींकडे मात्र मी अकरा वर्षांत कधी धड बघितलं नव्हतं. दरवर्षी गाडीच्या तपासणीच्या, म्हणजे पासिंगच्या, आदल्या दिवशी बल्ब बदलायचे, रेडियम पुसायचं, झालं.

मागच्या डिसेंबरात तुळजापूरला गाठी टाकून रिकामा परत येत होतो. रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील. तामलवाडीचा टोलनाका मागे पडला होता. मी डाव्या लेननं निवांत चाललो होतो आणि एकदम मागच्या उजव्या कोपऱ्यावर काहीतरी घासत गेल्याचा आवाज झाला. थांबून मागे धावलो. एक मोटरसायकलवाला रस्त्याच्या मधोमध कशीबशी गाडी सावरून उभा होता. त्याचा डाव्या बाजूचा आरसा माझ्या हौद्याला लागून तुटला होता, कोपर सोलवटलं होतं. सिद्धेश्वराच्या कृपेनं तेवढ्यावर निभावलं. मी आधी त्याच्यावरच ओरडलो. तो थरथरत होता, पण आवाज न चढवता म्हणाला, "मामा, मला वाटलं पुढं मोटरसायकल हाय. एकच लाल लाइट दिसली ओ."

मागे जाऊन बघितलं तर माझी उजवी टेल लाइट बंद. डावी तेवढी लागलेली, तीही मंद. अंधारात एकच लाल ठिपका रस्त्याच्या डाव्या कडेनं चाललेला दिसला की कुणीही दुचाकीच समजेल आणि तिच्या उजवीकडून गाडी काढेल. त्यानं तेच केलं. जिथे त्याला मोकळा रस्ता दिसला, तिथे माझा साडेपाच फूट रुंद हौदा होता.

आपल्याकडे नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला की मोहोळ-पंढरपूरच्या रस्त्याला ना लाइट ना रेडियम अशा ट्रॉल्या धावतात आणि आपण सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडतो. मीही मोडायचो. त्या रात्री घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. अण्णांना सांगितलं. त्यांनी पंचवीस वर्षं हैदराबाद लाइनला ट्रक चालवला आहे. ते एवढंच म्हणाले, "मागच्याला तुझी रुंदी कळाली पायजे. बाकी लाइट शोची." तेव्हापासून मला कडेच्या लाइटी दिसायला लागल्या. मोठ्या ट्रकच्या हौद्यावर वर दोन कोपऱ्यांत दोन, बाजूनं ओळीनं पिवळ्या. लांबून ट्रक दिसत नाही, ते ठिपके दिसतात, आणि दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून कळतं की पुढे केवढं धूड आहे, ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. माझ्या गाडीला असं काहीच नव्हतं. सहा मीटरपेक्षा लांब गाड्यांना बाजूच्या लाइटींची सक्ती असते, आमची दोनशेसात त्यात बसत नाही. पण अंधारात धडकणाऱ्याला कुठे माहीत असतं गाडी किती मीटरची आहे.

बोरामणी नाक्याजवळ एक म्हातारे वायरमन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं, चारी बाजूंनी कडेच्या, म्हणजे मार्कर लाइट बसवायच्यात. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. म्हणाले, "ब्रेक दबाओ." मी दाबला. मागे उभे राहून म्हणाले, "ब्रेक दबाया तो इंडिकेटर लगरा तुमारा. नवीन लाइट नंतर. पैले अर्थ देखो."

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं काम ह्यावर उभं आहे. बॅटरीचा प्लस वायरनं बल्बपर्यंत येतो आणि मायनसकडे परतताना गाडीच्या लोखंडातून जातो. तो परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. मागच्या दिव्याच्या डब्यात टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिघांचा अर्थ एकच असतो. तो गंजला की ब्रेकचा करंट अडकतो आणि शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून दुसरीकडून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लागतो. मी हे वर्षानुवर्षं बघत होतो आणि वायरिंग जुनं झालं म्हणून सोडून देत होतो.

उजवा दिवा उघडला. काचेचे दोन्ही स्क्रू गंजून एकजीव झाले होते. रात्रभर डिझेल लावून ठेवलं तेव्हा सकाळी हलले. काच निघाली तर आत टॉवेलच्या तुसांचा थर. गाठी चढवता-उतरवताना जो कापूस उडतो, तो कुठल्या फटीतून शिरला कोण जाणे, पण पाणी पिऊन, धूळ पिऊन त्याचं घोंगडं झालं होतं. बोटानं ओढलं तर अख्खा तुकडा निघाला, दिव्याच्या आकाराचा. त्याच्या खाली पितळी पॉइंटवर हिरवट-पांढरा थर चढला होता. बल्ब बाहेर काढून बॅटरीला लावला तर लख्ख लागला. बल्ब चांगला होता! त्या मोटरसायकलवाल्याचं कोपर सोलवटलं ते एका चांगल्या बल्बच्या शेजारी.

मग चाचांनी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. लागलेल्या डाव्या टेल लाइटच्या होल्डरमध्ये 10. एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं, तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, आलं 1.7. म्हणजे जे व्होल्ट वाटेत गळत होते, त्यातले बहुतेक परतीच्या रस्त्यात. साध्या तारेच्या बल्बचा हिशेब फार कडक असतो. व्होल्टेज पाचव्या हिश्श्यानं कमी झालं की उजेड निम्म्यापेक्षाही खाली जातो. मी दरवर्षी नवे बल्ब घालून निम्मा उजेडच विकत घेत होतो.

आमच्या हौद्याचं कारण सरळ होतं. मागचे दिवे हौद्याच्या अँगलला, अँगलला रंगाचे तीन हात, आणि हौदा चासिसवर रबरी पॅडवर. करंटनं जायचं कुठून? दोन्ही दिव्यांपासून दीड एमएमची स्वतंत्र काळी वायर ओढली आणि चासिसला एकाच बोल्टवर आणली. त्या जागेचा रंग पॉलिशपेपरनं चांदीसारखं लोखंड दिसेपर्यंत घासला. वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात बसणारी कडी, तिच्याखाली स्टार वॉशर, ज्याचे दात लोखंडात रुततात, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा हात. ग्रीस आधी लावायचं नाही, शेवटी. हे चाचांनी तीनदा सांगितलं. एवढ्यानंच होल्डरमध्ये 11.6 आले. नवी लाइट एकही बसवली नव्हती आणि गल्लीतली माणसं विचारायला लागली, बल्ब कुठला टाकला म्हणून.

उरलेला व्होल्ट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमध्ये आणि तिथून मागे येणाऱ्या वायरमध्ये जात होता. त्यासाठी चार पिनचा रिले घातला. बॅटरीवरून 10 अँपियरच्या फ्यूजमधून एक वायर रिलेच्या 30 नंबरला, 87 वरून मागे लाइटींना, आणि 85-86 वर जुनी पार्किंगची वायर आणि अर्थ. आता जुन्या स्विचनं फक्त रिलेला हुकूम द्यायचा, करंट परस्पर बॅटरीवरून. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. कुठे वायर घासून चासिसला लागली तर फ्यूज उडेल, गाडी पेटणार नाही.

आता मूळ विषय, कडेच्या लाइटी. पहिल्या खेपेला मी चुकीच्या आणल्या. दुकानात "ट्रकच्या मार्कर द्या" म्हटलं, त्यानं ट्रकच्या दिल्या, 24 व्होल्टच्या. मोठ्या ट्रकना दोन बॅटऱ्या असतात, आपल्याला एकच. 12 वर त्या काजव्यासारख्या लागल्या. तेव्हा घेताना खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. दुसऱ्यांदा 12 व्होल्टच्या एलईडी घेतल्या, एक 90 रुपयांना. पाच वॅटचे साधे बल्ब दहा लावले असते तर 50 वॅट, म्हणजे चार अँपियरच्या वर. ह्या दहा मिळून अर्धा अँपियरही घेत नाहीत.

रंगावरून घरात बरीच चर्चा झाली. माझ्या पुतण्याला हौद्याखालून निळी पट्टी हवी होती. मला त्याचं मन कळतं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या तळ्यात देवळाची रोषणाई उतरलेली दिसते, ती बघत आपण मोठे झालो. आपल्या गाडीलाही तसा साज असावा असं कुणाला वाटणार नाही? पण रस्त्यावर रंगाला अर्थ आहे. समोर पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. लाल दिसला की ती गाडीची पाठ, पांढरा दिसला की तोंड, पिवळा म्हणजे कूस. अंधारात समोरचा माणूस ह्याच तीन रंगांवरून गाडी येते आहे की जाते आहे हे एका क्षणात ठरवतो. त्यात निळा, हिरवा, जांभळा मिसळला की त्याला विचार करावा लागतो आणि तेवढ्यात शंभर फूट जातात. शिवाय निळा उजेड लांबून डोळ्यांना फिसकटल्यासारखा दिसतो, त्याची कड कळत नाही. आणि आम्हाला हवी होती ती कडच. लाल दिवा पुढून दिसेल असा लावायचा नाही आणि रिव्हर्स लाइट, नंबर प्लेटची लाइट सोडून मागे पांढरा नको, हा नियमच आहे. पुतण्याला केबिनच्या आत, छताला एक छोटी निळी लाइट लावून दिली. दार उघडलं की लागते. तो खूश आहे.

जागा ठरवताना माझ्यापेक्षा जास्त डोकं हमालांच्या मुकादमानं चालवलं. मी खडूनं हौद्यावर खुणा करून ठेवल्या होत्या, तो गाठी मोजता मोजता म्हणाला, "मालक, हितं दोर येतो." मग त्यानं मला अँगल दाखवला. अकरा वर्षं दोर आवळून-आवळून ठराविक ठिकाणी रंग उडाला होता आणि लोखंड गुळगुळीत होऊन चमकत होतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा चकाकते पट्टे. तिथे लाइट लावली असती तर पहिल्याच भाड्यात दोरानं उपटून काढली असती. माझ्या सहापैकी चार खुणा नेमक्या तिथेच होत्या. मग त्या चकाकत्या पट्ट्यांच्या मधल्या जागा घेतल्या, आणि लाइट अँगलच्या बाहेर न काढता त्याच्या खोबणीत आत बसवली. नऊ फूट लांब हौद्याला एका बाजूला तीन पिवळ्या: केबिनच्या मागे एक, मध्ये एक, आणि मागच्या टोकापासून हातभर अलीकडे एक. पुढे वरच्या दोन कोपऱ्यांत पांढऱ्या.

मागच्या दोन लालचा प्रश्न वेगळा होता. पिकअपवाल्यांना माहीत असेल, लांब माल असला की फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झापड, खाली सोडून चालवावं लागतं, आणि लोंबणारा फाळका बरोबर टेल लाइटींवर येतो. म्हणजे जेव्हा माल मागे बाहेर आलेला असतो, तेव्हाच मागच्या लाइटी झाकलेल्या! फाळक्यालाच लाइट लावायचा विचार केला होता, पण बिजागरीतून जाणारी वायर रोज वाकून तुटणार. शेवटी मागच्या दोन उभ्या खांबांवर, अगदी वरच्या टोकाला लावल्या. फाळका उघडा असो की बंद, त्या दिसतात. आणि दोन्ही अगदी कडेला आहेत, खांबाच्या बाहेरच्या अंगाला. आत चार इंच घेतल्या असत्या तर छान दिसल्या असत्या, पण तेवढी गाडी अंधारात राहिली असती.

भोक पाडताना घाई करू नका. प्रत्येक भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावलं, वाळू दिलं, मग जुन्या सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घातला, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. वायर लाइटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवून मग वर घेतली, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून घरंगळत त्या वळणावर टपकतं, आत जात नाही. लाइटच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, ते सिलिकॉननं बुजवू नका. आत धरलेला ओलावा तिथूनच निघतो. जोडाला काळी टेप वापरली नाही. सोलापूरच्या मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो आणि जूनच्या पहिल्या पावसाला जोड उघडा पडतो. सोल्डर करून वरून तापवून आवळणारी स्लीव्ह घातली आणि सगळी वायर फ्लेक्झिबल पाइपातून नेली.

इंडिकेटरना हात लावला नाही. तिथे एलईडी घातली की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि तो टकटकटक पळायला लागतो; मग फ्लॅशर बदला, नाहीतर रेझिस्टन्स लावा, जो तव्यासारखा तापतो. साधे 21 वॅटचे बल्ब चांगले लागतायत, चालू दे. टेल लाइटमध्येही तारेचेच ठेवले. लाल काचेमागे पांढरी एलईडी टाकली की ती फिक्कट गुलाबी दिसते. टाकायचीच तर लालच हवी. हेडलाइट तर विषयच नाही, समोरच्याचे डोळे दिपवायचा मला काही हक्क नाही.

पासिंगला रेडियमच्या पट्ट्या लागतातच, त्या नव्या लावल्या. दोन्ही हवं. रेडियम दुसऱ्याचा उजेड पडला तरच चमकतं, आणि उसाच्या रस्त्यावरच्या धुळीनं चार दिवसांत आंधळं होतं. लाइट स्वतःच्या बळावर लागते, पण बॅटरी गेली की रेडियमच वाली. अण्णांच्या काळात बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवायचे, त्याची त्यांना अजून धास्ती आहे. दर सोमवारी सकाळी ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय.

सगळं झाल्यावर रात्री विडी घरकुलमागच्या मोकळ्या मैदानावर गाडी नेली. माझी मुलगी आठवीत आहे. तिला शंभर पावलं लांब उभं केलं, फोनवर बोलत राहिलो. हेडलाइट बंद, फक्त कडेच्या लाइटी. गाडी हळूहळू वळवत गेलो आणि ती सांगत गेली: आता तोंड माझ्याकडे, आता आडवी, आता पाठ. एकदाही चुकली नाही. मग म्हणाली, "बाबा, मागची डावी खाली आहे." मला पटेना. उतरून टेपनं मोजलं तर उजवीपेक्षा डावी पाऊण इंच खाली होती. जवळून कधीच कळलं नसतं. लांबून गाडी कलल्यासारखी दिसत होती म्हणे. दुसऱ्या रविवारी ते भोक रबरी बुचानं बंद केलं आणि वर नवं पाडलं. बूच अजून दिसतं.

एकूण खर्च लाइटी, वायर, रिले, रेडियम आणि चाचांची मजुरी धरून 3,800 रुपये. त्यातले आधीच्या 24 व्होल्टच्या लाइटींचे वजा करायचे राहिलेत, दुकानदार बदलून देतो म्हणालाय.

आणि यार्डातल्या पोरा, तुझं नाव विचारायचं राहिलं. सकाळी यार्डातून निघताना मी तुझ्या मागेच होतो. तू ब्रेक दाबलास की तुझा डावा इंडिकेटर मंद लागतो. मार्करचं नंतर बघू, आधी तो दिवा उघड आणि अर्थ घासून घे. माझ्या डॅशबोर्डमध्ये स्टार वॉशरची पुडी आहे. पुढच्या खेपेला दिसलास तर दोन काढून देतो.